ती निघून का जात नाही? परदेशातल्या बायकोची भूमिका आणि तिच्यामागचा इतिहास

ऑडिशनला येणारी जवळपास प्रत्येक अभिनेत्री संहितेची दोन पानं वाचून झाली की एकच प्रश्न विचारते: "पण ही निघून का जात नाही?" लग्न होऊन परदेशात गेलेल्या आणि घरात मार खाणाऱ्या बाईची ही गोष्ट. लघुपटाला मिळतात पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात या प्रश्नाचं उत्तर संवादांत कोंबता येत नाही, ते भूमिका करणारीच्या अंगात आधीच मुरलेलं असावं लागतं. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं, कारण त्या उत्तराचा मोठा भाग बाईच्या स्वभावात सापडत नाही. तो कायद्याच्या कागदांत आहे.

अमेरिकेत 1986 साली खोटी लग्नं रोखण्यासाठी कायद्यात दुरुस्ती झाली. लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर जोडीदाराला मिळणारं ग्रीन कार्ड दोन वर्षांपुरतं आणि सशर्त. ती अट काढायची तर मुदत संपण्याआधीच्या 90 दिवसांत नवरा-बायकोनं मिळून अर्ज करायचा. म्हणजे त्यानं सही केली नाही तर तिच्या पायाखालची जमीनच जाणार. 'सही करणार नाही' एवढं वाक्य घरात पुरत असे, हात उचलायचीही गरज पडत नसे. 1990 मध्ये मारहाण झालेल्या जोडीदाराला या संयुक्त अर्जातून सूट मिळाली. 1994 च्या स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायद्यानं तिला स्वतःचा अर्ज स्वतः करण्याचा हक्क दिला, पण नवरा अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तरच.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या इंजिनिअरची बायको या दाराबाहेरच राहिली. तिचा एच-फोर व्हिसा त्याच्या नोकरीला टांगलेला, आणि 2015 पर्यंत त्यावर नोकरी करायला सरसकट मनाई होती. अशा छळ झालेल्या बायकांना काम करू देण्याची तरतूद 2005 च्या कायद्यात आली. तिच्यासाठी प्रत्यक्ष अर्ज घेणं सुरू झालं ते 2017 साली. एका बाईच्या आयुष्यात एवढा काळ म्हणजे काय, हे मी मुद्दाम अभिनेत्रींना मोजायला सांगते. पदवी घेऊन गेलेली मुलगी तेवढ्या काळात पस्तिशी ओलांडते, तिच्या नावावर बँक खातं नसतं आणि नोकरीचा एकही दिवस नसतो. 2000 साली गुन्ह्याच्या तपासात मदत करणाऱ्या पीडितांसाठी यू व्हिसा आला खरा, पण तो वर्षाला दहा हजारांपुरता मर्यादित आहे, आणि रांग कितीतरी मोठी.

ब्रिटनचा रस्ता वेगळा, मुक्काम तोच. तिथे नवऱ्यामागून आलेल्या बायकोला आधी एक वर्ष 'परीक्षेचं' असे. त्या वर्षात लग्न मोडलं तर परत पाठवलं जाण्याची भीती. छळ झालेल्यांना सवलत मिळाली 1999 मध्ये, ती नियमात बसली 2002 मध्ये. पण परीक्षेचा काळ मात्र वाढत गेला: 2003 ला दोन वर्षं, 2012 ला पाच. या काळात तिला सरकारी मदतीवर हक्क नाही. निवारागृहं ज्या घरभत्त्यावर चालतात तोच तिला मिळत नसल्यानं दार ठोठावलेली बाई परत पाठवली जाई. या बायकांच्या बाजूनं तिथे साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संघटना 1979 पासून उभी आहे. अमेरिकेत न्यू जर्सीची मानवी 1985 साली सुरू झाली, न्यूयॉर्कची सखी 1989 साली. कॅनडानं 2012 मध्ये अशीच दोन वर्षांची अट आणली आणि 2017 मध्ये ती काढून टाकली.

ब्रिटनमधल्या किरणजीत अहलुवालिया यांचा खटला भूमिका करणाऱ्या प्रत्येकीनं समजून घ्यावा असं मला वाटतं. वर्षानुवर्षं मार खाल्ल्यावर 1989 मध्ये त्यांनी नवऱ्याला पेटवलं, त्यात तो मेला आणि त्यांना जन्मठेप झाली. त्या खटल्यात त्यांनी साक्ष दिली नव्हती. त्यांना नैराश्य असल्याचा वैद्यकीय पुरावाही न्यायालयासमोर आला नाही. 1992 मध्ये अपील न्यायालयानं खुनाचा दोष रद्द केला आणि त्याच वर्षी त्या सुटल्या. म्हणजे स्वतःच्याच खटल्यात ही बाई गप्प होती. त्या गप्पपणाला जागा देणारी अभिनेत्री मिळणं फार कठीण. बहुतेक जणी ऑडिशनला रडून दाखवतात.

त्यांच्या आयुष्यावरच्या 'प्रोव्होक्ड' या 2006 च्या चित्रपटात ऐश्वर्या राय होती. कॅनडातल्या अशाच बायकोवरच्या दीपा मेहतांच्या 2008 च्या चित्रपटात प्रीती झिंटा होती. मोठ्या नावांमुळे विषय लांबवर पोचला, ते काम मोलाचंच. पण अशा बाईला त्या देशात कोणी ओळखत नसतं, आणि तारकेचा चेहरा सगळ्या जगाला पाठ असतो. लघुपटाला हे ओझं नाही. अनोळखी चेहरा घ्यायची मुभा ही त्याची सर्वांत मोठी ताकद, ती उगाच घालवू नये.

आता भाषेचं. आम्ही एक प्रसंग प्रत्येकाकडून करून घेतो. पोलीस दारात आहेत. ती मराठीत म्हणते, "त्यानं मला जिन्यावरून ढकललं." नवरा पोलिसांकडे वळून शांतपणे इंग्रजीत सांगतो, 'पाय घसरला म्हणतेय.' पोलीस मान डोलावतात. तिला तेवढं इंग्रजी कळतं, पण खोडून काढण्याइतकं बोलता येत नाही. या प्रसंगाला खोल इतिहास आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनी इंग्रजी न येणाऱ्यांनाही सेवा समजेल अशी सोय करावी, असा आदेश राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी 2000 साली काढला होता. मार्च 2025 मध्ये तो रद्द झाला. जिथे दुभाषी नाही तिथे दुभाषी नवरा होतो किंवा आठ वर्षांचं पोर. म्हणून ऑडिशन दोन्ही भाषांत घ्यायची. मायबोलीत हजरजबाबी, टोमणे मारणारी, हिशेबात पक्की असलेली हीच बाई इंग्रजीत बावळट दिसते. तो फरक एका चेहऱ्यावर दिसला पाहिजे. परकी लकब हसण्यासाठी वापरणाऱ्यांना आम्ही दुसऱ्यांदा बोलावत नाही.

नवऱ्याची भूमिका त्याहून अवघड. 1981 पासून अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ शहरात या विषयावर काम चाललंय. तिथल्या बायकांनी जे सांगितलं त्यावरून 1984 मध्ये 'सत्ता आणि नियंत्रणाचं चक्र' ही आकृती काढली गेली. त्यात मारहाण ही चाकाची बाहेरची धाव आहे. आतले आठ भाग म्हणजे एकटं पाडणं, पैसा हातात ठेवणं, मुलांना वापरणं, धाक, धमकी आणि असंच बाकीचं. म्हणून डोळे वटारणारा, दारूचा ग्लास आपटणारा नट आम्हाला नको असतो. शेजाऱ्यांना मदत करणारा, पाहुण्यांना स्वतः चहा करून देणारा माणूस हवा. ब्रिटननं 2015 मध्ये असं दाबून ठेवणारं वागणं स्वतंत्र गुन्हा ठरवलं. ते पडद्यावर दाखवायला आवाज चढवावा लागत नाही.

खरोखर यातून गेलेल्या बाईला भूमिका द्यावी का, हेही विचारलं जातं. तिची इच्छा असेल तर जरूर, पण तिला ओळखणारी माणसं चित्रपट बघणार आहेत, तिचा खटला चालू असू शकतो, मुलांचा ताबा ठरायचा असू शकतो. हे तिच्याशी आधी, एकांतात बोलायचं. चित्रीकरणाच्या दिवशी हात कुठे लागणार, पडायचं कसं, कधी थांबायचं, हे सगळं तालमीत ठरलेलं असावं. 2018 नंतर मोठ्या मालिकांच्या सेटवर जवळिकीच्या प्रसंगांसाठी समन्वयक नेमायची पद्धत रुळत गेली. मारहाणीच्या प्रसंगालाही तेवढीच काळजी लागते. पैसे कमी आहेत ही सबब इथे चालत नाही.

शेवटच्या फेरीत आम्ही अभिनेत्रीच्या हातात आय-751 या संयुक्त अर्जाची छापील प्रत देतो. संवाद नाही. नवरा शेजारच्या खोलीत टीव्ही बघतोय. तिनं आपल्या नावाखाली सही करायची आणि त्याच्या सहीची रिकामी जागा बघायची, एवढंच. परवा एकीनं तो अर्ज नीट घडी घालून पोळ्यांच्या डब्याखाली ठेवला आणि आतून हाक आल्यावर "आले" म्हणत उठली. भूमिका तिला दिली.