तोफेची दारू आणि डायनामाइट : पन्हाळ्याचा तट कशानं पडला?

पन्हाळ्यावर चार दरवाजाच्या अवशेषांपाशी ‘इंग्रजांनी डायनामाइट लावून उडवला’ असं सर्रास ऐकायला मिळतं. हे होणं शक्यच नाही. गडकऱ्यांच्या, म्हणजे गडाची राखण करणाऱ्या शिबंदीच्या बंडात कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्याला पन्हाळ्यावर कैदेत ठेवलं होतं. तेव्हा जनरल डेलामोटच्या फौजेनं १ डिसेंबर १८४४ रोजी तटाला खिंडार पाडून गड घेतला आणि पुढं तटबंदी मोडून टाकली. आल्फ्रेड नोबेलनं डायनामाइटचं पेटंट घेतलं ते १८६७ साली. म्हणजे पन्हाळ्यावर जे काही उडालं, ते काळ्या दारूनंच. आपल्या गडाचा इतिहास सांगताना एवढा फरक तरी नीट सांगितला जावा, असं मला मनापासून वाटतं.

काळी दारू म्हणजे सोरा (पोटॅशियम नायट्रेट), गंधक आणि लोणारी कोळसा यांची भुकटी. त्यात सोऱ्याचा वाटा सगळ्यात मोठा. कोळसा हे जळण. गंधकामुळं ती लवकर पेट घेते. सोरा तापला की स्वतःतला ऑक्सिजन सोडतो, म्हणून ही दारू बाहेरच्या हवेवर अवलंबून नसते आणि तोफेच्या बंद नळीतही जळते. नवव्या शतकाच्या सुमारास चीनमधल्या किमयागारांच्या हाती हे मिश्रण लागलं, आणि १०४४ सालच्या चिनी युद्धग्रंथात त्याच्या कृती लिहिलेल्या सापडतात. तिथून ते पश्चिमेकडं पसरलं. पुढं बिहारचा सोरा जहाजं भरभरून युरोपात जाऊ लागला.

डायनामाइटचं सगळंच वेगळं. त्याचा जीव नायट्रोग्लिसरीन या तेलकट द्रवात. अस्कानियो सोब्रेरोनं तो १८४७ साली तयार केला, पण जरा धक्का लागला तरी उडायचा. नोबेलनं तो एका सच्छिद्र मातीत मुरवला आणि हाताळण्याजोगा केला.

खरा फरक कळतो तो दोन्ही पेटल्यावर. काळी दारू जळते. फार झपाट्यानं जळते, पण जळतेच. आच एका कणाकडून दुसऱ्या कणाकडं सरकत जाते आणि तिचा वेग सेकंदाला फार तर काहीशे मीटर. डायनामाइटमध्ये आच सरकत नाही, दाबाची लाट सेकंदाला काही हजार मीटर वेगानं आरपार जाते. म्हणून दारू ढकलते आणि डायनामाइट फोडतं. १६६० साली राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनी सिद्दी जौहरच्या बाजूनं पन्हाळ्यावर गोळे डागले, ते या ढकलण्याच्या जोरावर. तोफेत डायनामाइट ठासलं असतं, तर गोळा सुटण्याआधी तोफेच्याच चिंधड्या झाल्या असत्या. दारूचा धूरही दाट, कारण जळून तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू न होता घनरूपातच उरतो.

साठवणीतल्या खोडीही उलट्या. काळी दारू सादळली की निकामी, आणि पन्हाळ्याचा पाऊस तर ठाऊकच आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात यावर किती बारकाईनं लिहिलंय! दारूखाना सदरेपासून लांब बांधावा, सर्दी लागू देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी. दारूखान्याचा हा हिशेब ज्याला कळला, त्याला गड कळला. याउलट जुनं डायनामाइट निकामी होत नाही, जास्त घातकी होतं. त्यातून नायट्रोग्लिसरीन पाझरून वर येतं. खाणीत किंवा पडक्या विहिरीपाशी जुनी कांडी दिसली, तर हात न लावता पोलिसांना कळवावं.

आपल्याकडं काळ्या पाषाणात विहीर पाडताना सुरुंग लावायचे, त्यात मात्र दोन्ही एकत्र नांदले. कांडीला नुसती आग लावून स्फोट होईलच असं नाही, तिला दणका लागतो. तो देतो डिटोनेटर, म्हणजे कांडीत खोचलेली छोटी स्फोटक नळी. आणि त्या डिटोनेटरपर्यंत आच नेणारी जी वात असते, तिच्या पोटात बारीक धारेनं भरलेली असते ती काळी दारूच. ही वात १८३१ सालची, विल्यम बिकफर्डची. म्हणजे पन्हाळा पडला तेव्हा वात होती, कांडी यायची होती.