हार्बर लाइनवरची बंदर-मुंबई : फेरीला येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. फेरीसाठी नाव नोंदवल्याबद्दल आभार. हे पत्रक आदल्या रात्री निवांत वाचून ठेवा. पहाटे साडेपाचला ससून डॉकच्या दारात भेटल्यावर आम्ही जे बोलू, त्यातलं निम्मं मासळीच्या लिलावात तुम्हाला ऐकू येणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे नंतर रुसवे-फुगवे नकोत. या फेरीत गेटवे ऑफ इंडिया नाही, घारापुरी नाही, राणीचा हार (मरीन ड्राइव्ह) ही नाही. ते सगळं सुंदरच आहे, पण ते दाखवायला आमची गरज नाही. आम्हाला मुंबईची पूर्वेची बाजू दाखवायची आहे. हे शहर मुळात बंदर म्हणून वाढलं, पण इथल्या माणसाला बंदर दिसतच नाही. पी. डिमेलो रस्त्याने रोज जाणाऱ्यालाही डाव्या-उजव्या हाताला भिंती, ट्रक आणि गोदीची रंगांची नावं असलेली दारं एवढंच माहीत असतं. म्हणून दिवसभर आपण एकच प्रश्न विचारत फिरायचं : इथे पाणी कुठवर होतं?

त्याचं पहिलं उत्तर घरबसल्या मिळतं, नावांतून. पायधुनी म्हणजे भरतीच्या पाण्यातून, चिखलातून पलीकडे आल्यावर पाय धुवायची जागा. उमरखाडी म्हणजे खाडीच. चिंचबंदर आज डोंगरीच्या गर्दीत आहे, पण नावातलं बंदर काही सुटलेलं नाही. दाणाबंदरात धान्य उतरायचं आणि लाकडी बंदरात इमारती लाकूड. दारूखान्याबद्दल दर वेळी कोणीतरी हसतंच, तर ती दारू तोफेची होती. आज तिथे जुनी जहाजं तोडतात.

पहाट : ससून डॉक

१८७५ मध्ये ही गोदी सुरू झाली. पश्चिम भारतातली ही पहिली ओली गोदी, म्हणजे ओहोटीतही आत पाणी राहील अशी. बगदादहून आलेल्या ससून घराण्याने ती बांधली, तेव्हा हिशेब मासळीचा नव्हता, कापसाचा होता. आज इथे बोटी लागतात त्या बोंबील, मांदेली, कोळंबी, सुरमई घेऊन.

आत शिरल्यावर भिंतीच्या कडेने चाला. हातगाडीवाला 'पाणीऽ पाणीऽ' ओरडला की पाणी शोधू नका, आधी बाजूला व्हा. गाडी थांबणार नाही. बोटीतून पाट्या हातोहात वर फेकल्या जातात, खाली बर्फ फोडण्याच्या यंत्राची घरघर चालू असते, आणि लिलाव एखाद्या मिनिटात संपतो. बोली लावणारी कोळीण मान किती हलवते त्यावर भाव ठरतो. आम्ही इतक्या वर्षांत ती खूण अजून पुरती ओळखू शकलेलो नाही. मागच्या बाजूच्या छपराखाली कोळंबी सोलणाऱ्या बायका बसलेल्या असतात. डोकं काढायचं, पाठीवरून अंगठा फिरवायचा, साल एका बाजूला, कोळंबी दुसऱ्या बाजूला. बर्फातल्या त्या बोटांकडे बघा, पण फोटो विचारल्याशिवाय काढू नका. गोदीत कॅमेऱ्यावर निर्बंध आहेत, आणि निर्बंध नसते तरी कामात असलेल्या बाईच्या तोंडासमोर फोन धरणं बरं नव्हे.

पायात जुने बूट किंवा धुता येतील अशा रबरी चपला हव्यात. पांढरी विजार नको. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत ही फेरी आम्ही ठेवत नाही.

बाहेर पडून कुलाब्याच्या अफगाण चर्चपाशी दहा मिनिटं थांबू. १८३८ ते १८४२ च्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते बांधलं, १८५८ मध्ये खुलं झालं. आमचा रस त्याच्या उंच मनोऱ्यात आहे, कारण बंदरात शिरणाऱ्या जहाजांना तो खुणेचा दांडा होता. उंच इमारतींनी आता तो गिळून टाकलाय.

फोर्टात थोडा वेळ

चहा-नाश्ता झाला की हॉर्निमन सर्कल. इथल्या सेंट थॉमस कॅथीड्रलकडे (१७१८) येणारी वाट तटबंदीच्या ज्या दारातून जायची, ते चर्चगेट. आज चर्चगेट स्टेशनापाशी ना चर्च ना गेट. शहराबाहेरचे मैल याच चर्चपासून मोजत. रोमन आकडे कोरलेले ते काळे दगड अजून काही ठिकाणी उभे आहेत. पाच मैलांचा दादरला, चित्रा सिनेमाजवळ. दादरकरांनी घरी जाताना जरूर शोधावा. चर्चच्या भिंतींवरचे स्मृतिफलक वाचा. 'दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य' असं तेव्हाचे इंग्रज मुंबईबद्दल म्हणत, ते का हे कळतं.

समोरच्या बागेच्या जागी मोकळं मैदान होतं आणि तिथे कापसाच्या गाठी रचलेल्या असायच्या. कापसाचा हा पहिला पत्ता लक्षात ठेवा. दुसरा कुलाब्याला होता, तिसरा दुपारी रेल्वेच्या खिडकीतून दिसेल.

तिथून चालत सेंट जॉर्ज रुग्णालयाकडे. किल्ल्याचा तट १८६० नंतरच्या दशकात पाडला, हे शाळेत शिकलोय. पण फोर्ट जॉर्जचा एक तुकडा रुग्णालयाच्या आवारात शिल्लक आहे. काळ्या दगडाची जाड भिंत, फटींतून पिंपळ. रुग्णालय आहे, तेव्हा आवाज खाली. या भिंतीला पाठ लावून पूर्वेकडे तोंड करा : पुढे जे दिसतं, रस्ता, रूळ, गोदामं, ते बहुतेक सगळं भराव घालून मिळवलेलं आहे. आमच्या मते अख्ख्या फेरीतली ही सगळ्यात बोलकी जागा, आणि इथे बघायला तशी एक भिंतच आहे.

मग हार्बर

सीएसएमटीहून पुढचा प्रवास लोकलने. तुमच्यासाठी आम्ही एका दिवसाचं पर्यटक तिकीट काढतो, कारण साध्या तिकिटावर मधल्या स्टेशनांवर चढ-उतार चालत नाही. फेरी शनिवारीच का, तर रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक. देशातली पहिली विजेवरची गाडी याच मार्गाने धावली, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, व्हीटी ते कुर्ला. आजही हार्बरला मेन आणि वेस्टर्नच्या मानाने सावत्र वागवतात, असं आमचं (आणि डब्यातल्या प्रत्येकाचं) मत आहे.

मशीद बंदर. स्टेशनच्या नावातली मशीद कोणती? इथले लोक जे सांगतात ते ऐकून पाहुणे थबकतात : ती ज्यूंची. सॅम्युएल स्ट्रीटवरचं 'शार हारहमीम' हे मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांनी उभारलं. टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवंत सुटल्यावर केलेला नवस फेडला, अशी आठवण सांगतात. आजच्या जागी ते १८६० पासून आहे. बेने इस्राएल मंडळी आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. ही माणसं आपलीच. रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी काम बंद ठेवणारी म्हणून 'शनवार तेली', आडनावं दिवेकर, पेणकर, रोहेकर, आणि घरात मराठी. बहुतेक कुटुंबं आता इस्राएलमध्ये आहेत. आत जायला आधी परवानगी लागते. ती आम्ही काढतो, मिळाली नाही तर बाहेरूनच बघायचं. पुरुषांनी डोकं झाकायला रुमाल आणावा. ओळखपत्राची मूळ प्रत सोबत ठेवा, झेरॉक्स चालत नाही.

डॉकयार्ड रोड. इथे सगळ्यात जास्त वेळ काढू. स्टेशनाला लागूनच माझगावची टेकडी आहे, पायऱ्या चढून वर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान. पायाखाली भंडारवाडा जलाशय आहे, १८८० च्या दशकातला, दक्षिण मुंबईला पाणी पुरवणारा. म्हणजे तुम्ही ज्या हिरवळीवर डबा उघडून बसाल ती खरं तर एका टाकीचं छप्पर. पूर्वी या टेकडीवर माझगावचा किल्ला होता. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान, औरंगजेबाचा आरमारप्रमुख, शिवडीला उतरला, त्याने हा किल्ला घेतला आणि इंग्रजांना त्यांच्या कोटात कोंडून ठेवलं. इंग्रजांनी दंड भरून औरंगजेबाकडे माफी मागितली, तेव्हा कुठे तो हलला. जाताना किल्ला मोडून गेला.

कठड्याशी उभं राहिलं की मुंबईत पहिल्यांदा बंदर दिसतं : खाली रूळ, मग गोदामांची छपरं, माझगाव डॉकच्या याऱ्या, त्यांच्यामागे राखाडी पाणी आणि उरणची रेघ. चौदा एप्रिलची गोष्ट आम्ही इथेच सांगतो. १९४४ च्या त्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज लागलेलं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, त्याच्या सोबतीला कापसाच्या गाठी, आणि पेट्यांतून सोन्याच्या विटा. कापूस पेटला. आग विझवायला माणसं जहाजावर चढलेली असतानाच चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान गेले, एकूण बळी शेकड्यांनी. एक सोन्याची वीट मैलभर लांबच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो याचसाठी. आता ती व्हिक्टोरिया गोदी आणि शेजारची प्रिन्सेस गोदी कुठे आहेत, असं विचाराल. भराव घालून बुजवल्या. आधी समुद्रातून जमीन काढली, तिच्यात खणून पाणी आणलं, आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी त्या पाण्याची पुन्हा जमीन केली.

टेकडीच्या पायथ्याला म्हातारपाखाडी. लाकडी जिने, छज्जे, चौकात क्रूस. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती रहिवाशांचं जुनं गावठाण. टिळकांचे होमरूलमधले सहकारी काका बॅप्टिस्टा इथलेच. लोकांच्या ओसऱ्या अगदी रस्त्यावर आहेत, त्यामुळे आपण पाहुण्यासारखं वागायचं, प्रदर्शन बघायला आल्यासारखं नाही.

तिथून नवाब टँक रोडवर एका साध्या दुमजली घरात चिनी मंदिर आहे, सी यप कून, १९१९ चं. चिनी खलाशी आणि कारागीर या भागात राहत, त्यांनी बांधलेलं. वरच्या मजल्यावर गुआन गोंग, न्यायाचा आणि शौर्याचा देव. उदबत्त्यांच्या धुराने लाल रंग काळपटलाय. भविष्य सांगणाऱ्या काड्यांचा डबा असतो. हलवून एक काडी पडू द्यायची, तिच्या नंबराचा कागद घ्यायचा. आमच्यातल्या एकाला 'प्रवास टाळा' असा कागद आला होता. तो अजून दर शनिवारी येतो.

भाऊचा धक्का इथून जवळ आहे, पण दुपारच्या उन्हात सगळ्यांचे पाय तिथवर जात नाहीत, म्हणून तो ऐच्छिक ठेवलाय. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, 'भाऊ रसूल'. रेवस, मोऱ्याच्या लाँचा इथून सुटतात, २०२० पासून मांडव्याची रो-रो (गाड्यांसकट नेणारी बोट) ही. ज्यांची मुळं कोकणात आहेत त्यांच्या घरात 'रामदास' बोटीचं नाव कधी ना कधी निघालेलं असतं. १७ जुलै १९४७ रोजी ती इथूनच रेवसला निघाली होती आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेवर माणसं गेली. मागे एका फेरीत ठाण्याच्या एक आजी धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेल्या, आणि पिशवीतून ओटीचा नारळ काढून पाण्यात सोडला. कोणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

पुढची स्टेशनं रे रोड आणि कॉटन ग्रीन खिडकीतूनच बघा. कॉटन ग्रीन हा कापसाचा तिसरा पत्ता. १९२० च्या दशकात बाजार कुलाब्याहून इकडे आणला, एकसारख्या गोदामांच्या लांबच लांब रांगा बांधल्या. गिरण्यांबरोबर कापूस गेला. स्टेशनचं नाव राहिलं.

शिवडी. शिवडीचा किल्ला इंग्रजांनी १६८० मध्ये बांधला. लहानच आहे, वर चढायला दहा मिनिटं. समोर चिखलवट, पलीकडे माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, आणि जानेवारी २०२४ पासून वाहता झालेला अटल सेतू. हिवाळा ते उन्हाळा या काळात चिखलात रोहित पक्षी उतरतात. पण ते भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाने चालतात, आपल्या नाही. पहिल्या वर्षी आम्ही भरतीचं कोष्टक न बघता तारीख ठरवली आणि अठरा माणसांना घेऊन नुसतं भरलेलं पाणी बघत उभे राहिलो. तेव्हापासून तारखा कोष्टक पुढ्यात ठेवूनच ठरतात, आणि बारापेक्षा जास्त माणसं घेत नाही. पावसाळ्यात पक्षी नसतात. त्या तारखांचं शुल्क म्हणून कमी आहे. दुर्बीण असेल तर आणा, आमच्याकडे दोनच आहेत.

शेवटचा थांबा शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी. गर्द झाडी, आणि बाहेरच्या ट्रकांचा आवाज आत येतो न येतो. सकाळी ज्या स्टेशनातून आपण गाडी पकडली त्याचा वास्तुकार फ्रेडरिक स्टीव्हन्स इथे पुरलेला आहे. आणि जॉर्ज विटेटही, ज्याने गेटवे ऑफ इंडिया बांधला. गेटवे १९२४ च्या डिसेंबरात खुला झाला, विटेट १९२६ मध्ये गेला. तेव्हा गेटवे फेरीत नाही हे वर म्हटलं ते खरंच, पण त्याच्या बांधणाऱ्याला भेटल्याशिवाय आम्ही कोणाला घरी सोडत नाही.

इथून शिवडी स्टेशन चालत पंधरा मिनिटं. पनवेल-वाशीकरांनी दोन नंबरच्या बाजूला उभं राहण्याआधी फलक वाचावा, गोरेगावची गाडीही इथेच येते. पाण्याची बाटली, डबा, टोपी, ओळखपत्र, डोक्याला रुमाल आणि असेल तर दुर्बीण. बाकी काही आणायचं नाही.