गणेशखिंडीचे आवार : गव्हर्नरच्या बंगल्यात वाढलेले विद्यापीठ

पुणे विद्यापीठाची रचना समजून घ्यायची तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. ही जागा विद्यार्थ्यांसाठी आखलेलीच नव्हती. मुंबईच्या गव्हर्नरला पावसाळ्यात राहण्यासाठी १८६४ ते १८७१ या काळात येथे बंगला उभा राहिला. ज्या माळावर ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची फौज इंग्रजांशी लढली, त्याच माळाच्या परिसरात. जुना दापोडीचा बंगला गैरसोयीचा ठरला होता. नव्या बंगल्याचा खर्च अंदाजपत्रकाबाहेर गेला आणि मुंबईचे गव्हर्नर उधळे आहेत, वरिष्ठांना जुमानत नाहीत, अशी टीका थेट ब्रिटिश संसदेत झाली. इटालियन धाटणीचा उंच मनोरा, दगडी कमानी, लांबलचक व्हरांडे, भोवती बाग आणि शहरापासून राखलेले अंतर, असा सगळा थाट होता. २२ जून १८९७ च्या रात्री याच बंगल्यातल्या समारंभाहून गाडीतून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या, हे पुणेकरांना सांगायला नको. बंगला आणि गाव यांच्यामधला तो रस्ता तेव्हा किती निर्जन होता, हेही त्यावरून कळते.

१० फेब्रुवारी १९४९ ला विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी ही सुमारे ४११ एकरांची इस्टेट त्याच्याकडे आली. तेव्हा संलग्न महाविद्यालये अवघी १८ होती, विद्यार्थी आठ हजारांच्या थोडे वर. कार्यक्षेत्र मात्र १२ जिल्ह्यांचे. काम मुख्यतः परीक्षा आणि संलग्नतेचे असल्यामुळे भव्य इमारत कारभाराकडे गेली. विभागांच्या इमारती, ग्रंथालय, वसतिगृहे मग झाडीत जशी जागा मिळाली तशी उभी राहत गेली. पुढे कोल्हापूर आणि जळगाव येथे स्वतंत्र विद्यापीठे झाली, तसे कार्यक्षेत्र पुणे, नगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांवर आले. गंमत म्हणजे जिल्हे कमी होत गेले आणि आवार मात्र भरत गेले.

आवाराला आजचे रूप मिळाले ते १९८०च्या दशकात. त्या वेळच्या एका निर्णयावर आजही मतभेद आहेत. विद्यापीठाच्या जमिनीवर राष्ट्रीय पातळीच्या स्वायत्त संशोधन संस्थांना जागा देण्यात आली : पेशीविज्ञान, प्रगत संगणन, रेडिओ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी. या संस्थांचा पैसा केंद्राचा, नियम आणि भरती त्यांची त्यांची. निर्णयाच्या बाजूचे म्हणतात की पडून राहिलेल्या जमिनीवर जागतिक दर्जाचे विज्ञान आले आणि विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला ते चालत जाण्याच्या अंतरावर मिळाले. हे खरेच आहे, आणि त्याचे मोल मला फार वाटते. विरोधकांचे म्हणणे असे की जमीन एकदा गेली की परत येत नाही, आणि वाढीचा आराखडा आधी नसल्यामुळे विद्यापीठाने स्वतःच्या उद्याच्या गरजा मोजल्याच नाहीत. मला हा दुसरा आक्षेप जास्त वजनदार वाटतो. चूक जागा देण्यात नव्हती. कुंपणाच्या आत आणखी कुंपणे उभी राहिली, आणि त्यांना जोडणारे चौक, सावलीतल्या पायवाटा, एकत्र बसायच्या जागा कोणी आखल्या नाहीत, ही खरी उणीव आहे.

आखणी केली तर काय साधते, याचा दाखला याच आवारात आहे. खगोलभौतिकीच्या केंद्राचे संकुल १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाले. मध्यभागी पायऱ्यांचे कुंड, भोवती चौक, चौकात शास्त्रज्ञांचे पुतळे. भिंती खालून वर अधिकाधिक काळ्या आणि गुळगुळीत होत जातात : तळाशी स्थानिक बेसॉल्ट, वर कडप्पा, त्यावर चकाकीचा काळा ग्रॅनाइट. इथे माणसे आपसूक एकमेकांना भेटतात. विद्यापीठाच्या स्वतःच्या एकाही विभागाच्या वाट्याला इतका विचार आलेला नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

२०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. पुढे मुख्य इमारतीचा जीर्णोद्धारही झाला. बाहेर मात्र वेगळ्याच हालचाली सुरू होत्या. प्रवेशद्वारासमोरच्या चौकातले उड्डाणपूल २०२० मध्ये हिंजवडी मेट्रोसाठी पाडले गेले आणि त्यांच्या जागी दुमजली पूल व मेट्रोमार्ग यांचे काम आले. शहर आता कुंपणाला भिडले आहे. उरलेल्या मोकळ्या जागेवर आधी काय बांधायचे, आणि काय कधीच बांधायचे नाही, हे सर्वांना पाहता येईल अशा एका नकाशावर उतरवणे विद्यापीठाच्याच हातात आहे.