टोनी लॉकेट: १,३६० गोलांची कारकीर्द

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने चेंडू गेला की गोल, म्हणजे ६ गुण; बाजूच्या फटीतून गेला तर ‘बिहाइंड’, फक्त १ गुण. मधली फट ६.४ मीटरची. टोनी लॉकेटने २८१ सामन्यांत १,३६० गोल केले आणि आजवर तिथवर दुसरा कोणी पोहोचलेला नाही.

बॅलरॅट शहराचा हा धिप्पाड फुल-फॉरवर्ड, म्हणजे गोलासमोर खेळणारा मुख्य आक्रमक, १९८३मध्ये सेंट किल्डा क्लबकडून उतरला. १९८७मध्ये साखळीतल्या ११७ गोलांसह सर्वाधिक गोलांचे ‘कोलमन’ पदक मिळालेच, शिवाय हॉथॉर्न क्लबच्या जॉन प्लॅटनसोबत हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचे ‘ब्राउनलो’ही. फुल-फॉरवर्डला ब्राउनलो मिळण्याची ती पहिलीच वेळ. ते पदक पंचांच्या मतांवर ठरते आणि मते सहसा मधल्या फळीकडे जातात, म्हणून हा मान मोठा. १९९१मध्ये पाठदुखीने सुरुवातीचे सामने हुकले, तरी १७ सामन्यांत १२७ गोल!

नुसत्या ताकदीवर हे जमत नाही. बचावपटूला चकवून मोकळ्या जागेत धाव घ्यायची, चेंडू हवेतच झेलून ‘मार्क’, म्हणजे अडथळ्याविना लाथ मारण्याचा हक्क, मिळवायचा आणि मग निवांत नेम धरायचा. ‘ड्रॉप पंट’ या लाथेच्या प्रकारात लांबट चेंडू उभा धरून पायावर सोडतात, खालच्या टोकाला लाथ बसते आणि तो मागे गिरक्या घेत सरळ जातो. हात उंच ठेवून सोडला तर वाटेतच टोक कलते आणि सहाचा एक होतो.

पण त्याचा सर्वांत गाजलेला फटका बिहाइंडचाच. १९९५मध्ये तो सिडनी स्वान्सकडे गेला. त्याआधीची सलग तीन वर्षे हा संघ तळाशी होता. १९९६च्या प्रिलिमिनरी फायनलमध्ये, म्हणजे उपांत्य लढतीत, एसेंडनशी ६९-६९ बरोबरी असताना शेवटच्या क्षणी लॉकेटला मार्क मिळाला. जांघेच्या दुखापतीने तो बेजार होता आणि खांब सुमारे ५० मीटरवर. सामना संपल्याचा भोंगा वाजल्यावर, मार्कच्या हक्काने, त्याने चेंडू हाणला, एक गुण मिळाला आणि १९४५नंतर प्रथमच स्वान्स ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, पोहोचले. तिथे त्याने सहा गोल केले, तरी नॉर्थ मेलबर्न जिंकले.

६ जून १९९९ला सिडनी क्रिकेट ग्राउंडवर १,३००वा गोल झाला आणि प्रेक्षक मैदानात धावले. मोडलेला १,२९९चा विक्रम गॉर्डन कॉव्हेंट्रीचा, १९३७पासूनचा. प्रतिस्पर्धी होता कॉव्हेंट्रीचाच क्लब, कॉलिंगवूड. त्याच वर्षी लॉकेट निवृत्त झाला. २००२मध्ये परतला, पण तीन सामन्यांत तीनच गोल करून थांबला.

पुढे संघ बचावासाठी जागा वाटून मागे दाटी करू लागले, एकट्या फॉरवर्डला धावायला मोकळीक उरली नाही. हंगामात १०० गोल शेवटचे २००८मध्ये लान्स फ्रँकलिनने केले. त्याची कारकीर्द २०२३मध्ये १,०६६वर थांबली.