तुरटपणाचे वय, गोडीचे वय

दरवर्षी वसंतात, साधारण एप्रिलच्या सुमारास, फ्रान्समधील बोर्दो परिसरात परीक्षक आणि व्यापारी जमतात आणि आदल्या हंगामातील द्राक्षांची, जेमतेम सहा महिन्यांची व अजून ओकच्या पिंपातच असलेली वाइन चाखतात. त्या दिवशी ती पिऊन फारसा आनंद मिळत नाही. आणखी वीस-तीस वर्षांनी ती कशी होईल, याचा अंदाज बांधणे हे त्यांचे काम असते.

लाल वाइनच्या बाबतीत या अंदाजाचा पहिला आधार म्हणजे तुरटपणा. आवळा किंवा सुपारी चघळल्यावर तोंड आखडल्यासारखे होते, तेच इथे घडते: द्राक्षांच्या सालीतून, बियांतून आणि काही प्रमाणात पिंपाच्या लाकडातून आलेली टॅनिन द्रव्ये लाळेतील प्रथिनांना चिकटतात आणि लाळेचा बुळबुळीतपणा कमी होतो. आयुर्वेदाने तुरटाला सहा रसांत बसवले असले, तरी आधुनिक शास्त्राच्या दृष्टीने ही मुख्यतः स्पर्शाची जाणीव आहे. शिवाय ती घोटागणिक साचत जाते, त्यामुळे दहावी वाइन पहिलीपेक्षा कठोर वाटली, तर तो दोष वाइनचाच असेल असे नाही. परीक्षक घोट थुंकतात आणि अधूनमधून थांबतात, पण तेवढ्याने ही अडचण पूर्णपणे सुटत नाही.

काळाबरोबर टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि सालीतील रंगद्रव्यांशी जोडले जातात. जांभळट लाल रंग विटकरीकडे झुकतो, काही भाग गाळ होऊन बाटलीच्या तळाशी बसतो आणि तुरटपणा मऊ होतो. मात्र टॅनिन भरपूर आहे एवढ्यावरून वाइन दीर्घायुषी ठरत नाही. १९७५ सालच्या बोर्दोमध्ये टॅनिन कडक होते आणि ते मऊ होण्याआधीच अनेक वाइनमधील फळाचा स्वाद ओसरला. उलट १९८२ ची वाइन काहींना फार लवकर मृदू झालेली आणि कमी आम्लाची वाटली होती, परंतु त्या वर्षीच्या उत्तम वाइन दशकानुदशके टिकल्या. तेव्हा टॅनिन किती आहे यापेक्षा ते पिकलेले आहे की हिरवट आणि त्याला झाकण्याइतके फळ आहे की नाही, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

गोड वाइनला हा निकष लागू होत नाही. बोर्दोच्या दक्षिणेला, जिथे थंड पाण्याची सिरों नदी गारोनला मिळते, त्या परिसरात शरदातल्या सकाळी धुके पसरते. त्या ओलाव्यात तिथल्या सोतेर्न या गोड वाइनच्या भागातील द्राक्षांवर बोट्रायटिस ही बुरशी धरते आणि दुपारच्या उन्हात बुरशीने छिद्रे पाडलेल्या सालीतून पाणी उडून जाते. नाशिकच्या बागाईतदाराची बुरशीच्या नावाने झोप उडते, पण इथे तिला ‘खानदानी कूज’ म्हणतात. ती नेहमीच वेळेवर आणि नीट येते असेही नाही. सोतेर्नमधील शातो दिकेम या नामांकित वाइन-उत्पादकाने २०१२ च्या हंगामाची आपली गोड वाइन बाजारात आणलीच नाही.

अशा वाइनमध्ये लिटरमागे १२० ते १५० ग्रॅम साखर सहज असते आणि ही गोडी आम्लता झाकते. म्हणून चाखताना घोट गेल्यावर तोंडाला पाणी सुटते का, ते पाहावे लागते. सुटत असेल, तर साखरेला तोलून धरणारे आम्ल आहे. तोंड नुसतेच चिकट राहिले, तर वाइन पुढे जड होण्याचा धोका असतो. साखर, आम्ल, मद्यार्क आणि घातलेला गंधक डायऑक्साइड मिळून ही वाइन टिकवतात. वर्षे जातात तसा सोनेरी रंग अंबरासारखा होतो आणि जर्दाळूच्या वासाच्या जोडीला मध, सुकामेवा आणि मेथी येते. हा मेथीचा वास केवळ उपमा नाही. सोटोलोन नावाचे एकच संयुग मेथीच्या दाण्यांतही असते आणि या वाइनमध्येही, आणि लिटरमध्ये काही मायक्रोग्रॅम असले तरी ते नाकाला कळते. कोरड्या पांढऱ्या वाइनमध्ये मात्र हाच वास आला, तर तिला हवा लागून ती अकाली म्हातारी झाल्याचे मानतात.