आकडा बदलला की हिशेब बदलतो

१९७८ साल. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या वर्गात प्राध्यापक फळ्यावर हिशेबाचा भलामोठा तक्ता मांडत. आडव्या ओळी, उभे रकाने, आणि त्यांच्या प्रत्येक चौकटीत, म्हणजे घरात, आकडे. एक आकडा बदलायचा झाला की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे पुसायचे आणि पुन्हा लिहायचे. वर्गात बसलेल्या डॅन ब्रिकलिनच्या मनात आलं, हा फळा स्वतःच हिशेब करू लागला तर? मार्चअखेरीला ताळेबंद जुळवत ज्यांनी रात्री जागवल्या आहेत, त्यांना या विचाराचं मोल वेगळं सांगायला नको.

घरी ठेवता येतील असे संगणक तोवर बाजारात आले होते. १९७५ चा अल्टेअर ८८०० म्हणजे खटके आणि लुकलुकणारे दिवे असलेली पेटी. तिला ना कीबोर्ड, ना पडदा. १९७७ मध्ये आलेला अ‍ॅपल टू बराच सुटसुटीत होता. तरी हौशी मंडळी सोडली, तर ‘हे घेऊन करायचं काय?’ याला धड उत्तर नव्हतं. मोठ्या कंपन्यांचे संगणक वेगळ्या विभागाच्या ताब्यात असत. तिथे काम द्यायचं आणि उत्तराची वाट बघायची.

ब्रिकलिनने नमुना तयार केला, आणि खरा प्रोग्राम लिहिला त्याचा एमआयटीपासूनचा मित्र बॉब फ्रँकस्टनने. तो आर्लिंग्टनमधल्या आपल्या घराच्या माळ्यावर बसून रात्री काम करायचा, कारण ज्या मोठ्या संगणकावर तो प्रोग्राम तयार होत होता, त्याचा वेळ रात्री स्वस्त मिळे. ऑक्टोबर १९७९ मध्ये ‘व्हिझिकॅल्क’ विक्रीला आलं. किंमत सुमारे १०० डॉलर.

आज एक्सेल उघडल्यावर दिसतो तोच हा तक्ता: रकान्यांना अक्षरं, ओळींना आकडे. रकाने ६३, ओळी २५४. हे सगळं ३२ किलोबाइट मेमरीत बसवायचं होतं. छापील मजकुराची वीसेक पानं भरतील, जेमतेम इतकीच ती जागा. त्यात प्रोग्रामही आला आणि वापरणाऱ्याचे आकडेही.

पडद्यावर एका वेळी या तक्त्याचा छोटासा कोपराच दिसे, त्यामुळे तक्त्यात सतत फिरावं लागे. ब्रिकलिनने आधी व्हिडिओ गेमच्या पॅडलने, म्हणजे हातात धरून फिरवायच्या बटणाने, फिरून पाहिलं, पण ते नीट जमेना. शेवटी बाणांच्या कळा वापरायचं ठरलं. अ‍ॅपल टूच्या कीबोर्डवर त्या दोनच होत्या, डावीकडची आणि उजवीकडची. मग स्पेस बारला काम दिलं: तो दाबला की त्याच दोन कळा वर-खाली नेऊ लागत. मला या युक्तीचं फार कौतुक वाटतं. नसलेल्या कळांवाचून त्यांचं काही अडलं नाही.

आकडेमोडीचा क्रमही असाच साधा होता. व्हिझिकॅल्क डावीकडून एकेक रकाना घेऊन वरून खाली मोजत जाई. हवं तर ओळीओळीने. पण पहिल्या रकान्यातलं सूत्र पाचव्या रकान्यातल्या उत्तरावर अवलंबून असेल तर? पाचवा अजून मोजलेलाच नाही, म्हणून पहिल्यात जुनंच उत्तर यायचं. त्यावर उपाय म्हणजे उद्गारचिन्हाची कळ दाबून सगळा तक्ता पुन्हा मोजायला लावायचा. कोणतं घर कोणावर अवलंबून आहे ते ओळखून त्याच क्रमाने मोजणं पुढे १९८३ च्या ‘लोटस १-२-३’ या प्रतिस्पर्धी प्रोग्राममध्ये होतं.

पण लोकांना हवं होतं ते मिळालं होतं. कच्च्या मालाचा भाव वाढला तर? व्याज एक टक्क्याने चढलं तर? एक आकडा टाकायचा, आणि तळाच्या बेरजेपर्यंत सगळा तक्ता डोळ्यांदेखत बदलायचा. कुणाला विचारायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. या १०० डॉलरच्या प्रोग्रामसाठी हिशेबनीस आणि व्यापारी कैक पट महागाचा अ‍ॅपल टू विकत घेऊ लागले. यंत्रामुळे प्रोग्राम खपतो, हा समज इथे उलटा झाला.

या कल्पनेचं पेटंट मात्र घेतलं गेलं नाही; त्या काळी सॉफ्टवेअरला ते सहसा मिळतच नसे. आयबीएमच्या पीसीवर लोटस १-२-३ ने बाजी मारली आणि १९८५ मध्ये लोटस कंपनीने ब्रिकलिन-फ्रँकस्टनची कंपनीच विकत घेतली.

तरी त्यांची एक खूण टिकून आहे. व्हिझिकॅल्कमध्ये पहिली कळ अक्षराची दाबली, की तो मजकूर समजला जाई. म्हणून घराच्या नावाने सुरू होणाऱ्या सूत्राआधी अधिकचं चिन्ह द्यावं लागे: ‘+बी३-बी४’. एक्सेलमध्ये सूत्राआधी बरोबरचं चिन्ह देतात, पण जुन्या सवयीने अधिकचं चिन्ह देणाऱ्यांचंही सूत्र ते आजही निमूट स्वीकारतं.