टक् वाजलं म्हणजे लॉक झालं असं नव्हे

"रोज खिशात ठेवायला टिकाऊ मल्टिटूल कुठलं घेऊ?" असं कुणी विचारलं की दोन उत्तरं हमखास येतात. एक, "लेदरमन घे, स्विस नाइफ म्हणजे खेळणं." दुसरं, "दोन्ही एकच रे, लेदरमनला पक्कड जास्तीची." पहिलं सांगणाऱ्याने स्विस नाइफने बहुधा कधी काम केलेलं नसतं आणि दुसरं सांगणाऱ्याने लेदरमन हातात घेऊन नीट उघडलेलं नसतं. मग चर्चा वजनावर जाते, पोलादावर जाते, किमतीवर तर जातेच. पातं उघडल्यावर ते उघडं कशाच्या जोरावर राहतं, हे मात्र कुणी विचारत नाही. बोटं कापतात ती याच्यामुळे.

स्विस नाइफ सगळ्यांनी पाहिलेला असतो: लाल मूठ, पांढरा क्रॉस, नखाने उघडायची पाती, टोकाशी चिमटा आणि टूथपिक. त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. एक गैरसमज तेवढा खोडून काढतो. स्वित्झर्लंडच्या साध्या सैनिकाचा चाकू लाल नव्हता. १८९१च्या सुमारास त्याला जो मिळू लागला त्याची मूठ गडद लाकडाची होती आणि आत पातं, डबा उघडायचं हत्यार, स्क्रू ड्रायव्हर आणि भोक पाडायची आरी एवढंच होतं. बाटलीचं बूच काढायचा मळसूत्री खिळा असलेला देखणा चाकू व्हिक्टोरिनॉक्स या स्विस चाकू कंपनीचा संस्थापक कार्ल एल्सनर याने १८९७मध्ये नोंदवला. नाव अधिकाऱ्यांचा, पण सैन्याने तो अधिकाऱ्यांना वाटला नाही. ज्याला हवा त्याने पदरचे पैसे घालून घेतला.

लेदरमनची गोष्ट वेगळी. टिम लेदरमन हा अमेरिकेतल्या ऑरेगॉनचा. १९७५मध्ये तो बायकोबरोबर एक जुनाट फियाट घेऊन युरोपभर हिंडला. गाडी सारखी कुरकुरायची, स्वस्तातल्या हॉटेलांचे नळ गळायचे आणि खिशातल्या चाकूला पक्कड नव्हती. त्या एका उणिवेपायी तो कितीतरी वर्षं खपला आणि १९८३मध्ये पीएसटी नावाचं पहिलं मॉडेल विकायला आलं. म्हणजे इथे मूळ हत्यार पक्कड. चाकू तिच्या दांड्यांत दडवलेला. स्विस नाइफमध्ये मूळ हत्यार चाकू, बाकी मंडळी त्याच्या शेजारी. वजनाचा फरकही इथूनच येतो. स्विस नाइफमधला साधा स्पार्टन साठेक ग्रॅमचा, तर लेदरमनचा वेव्ह प्लस २४१ ग्रॅमचा. पातळ कापडाच्या पँटच्या खिशात पाव किलो लोखंड दिवसभर वागवून बघा, मग ठरवा. मला विचाराल तर ते खिशाचं हत्यार नव्हेच, पिशवीचं आहे.

आता मुद्द्याचं.

स्विस नाइफच्या मुठीच्या पाठीला पोलादाची एक पट्टी असते, तीच स्प्रिंग. पात्याचा बुंधा, म्हणजे मुठीत राहणारा भाग, गोल नसतो. त्याला सपाट बाजू आणि कोपरे असतात. पातं फिरवताना कोपरा पट्टीला वर उचलतो, कोपरा ओलांडला की सपाट बाजू पट्टीखाली येते, पट्टी तिच्यावर आपटते आणि टक् वाजतं. आवाज इतका खणखणीत असतो की भल्याभल्यांना वाटतं, झालं लॉक. काहीही लॉक झालेलं नाही. पातं फक्त पट्टीच्या दाबावर उभं आहे. मिटवताना तुम्ही जेवढा जोर लावता तेवढाच जोर काम करताना पाठीकडून लागला, की ते मिटणार आणि वाटेत तुमची बोटं असणार.

लॉकच्या पात्याचं तसं नाही. सर्रास दिसणाऱ्या रचनेत मुठीच्या आतल्या पत्र्याचीच एक लांबट जीभ कापून जराशी आत वाकवलेली असते. पातं पूर्ण उघडलं की ती जीभ सरकून बुंध्याच्या मागे जाऊन बसते. मग पात्याला परतायला वाटच राहत नाही. अंगठ्याने जीभ बाजूला सारली तरच ते मिटतं. पावसाळ्यात फुगून चौकटीत घट्ट बसलेला दरवाजा आणि कडी लावलेला दरवाजा यांत जो फरक, तोच इथे. दोन्ही ढकलून उघडत नाहीत, पण फुगलेल्या दरवाजाच्या भरवशावर कुणी गावाला जात नाही.

यावर लगेच निघणारा निष्कर्ष असा, की लॉकवालाच घ्यावा, तोच मजबूत. इथे माझं डोकं फिरतं. कापताना जोर कुठल्या बाजूने लागतो ते आधी पाहा. कैरी चिरताना, सुतळी कापताना, पेन्सिल तासताना वस्तू धारेला पाठीकडे ढकलते, म्हणजे पातं आणखी उघडायच्या दिशेने रेटलं जातं. तिथे त्याला मुठीतला अडथळा थोपवतो. या कामांत लॉक असला काय, नसला काय, काहीच बिघडत नाही. आणि खिशातल्या चाकूची बहुतेक कामं याच जातीची. धोका असतो तो टोकाच्या कामात आणि अडकलेल्या पात्यात. शहाळ्यात टोक खुपसणं, जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात भोसकून सुरुवात करणं, ओल्या लाकडात रुतलेलं पातं हिसका देऊन वर ओढणं. इथे जोर वाकडा लागतो किंवा थेट पात्याच्या पाठीवर येतो, आणि स्प्रिंगवरचं पातं मिटतं. अशी कामं रोजची असतील तर लॉक घ्यावा. नसतील तर तो नुसता मिरवायला.

शिवाय लॉक बोटांसाठी आहे, पात्यासाठी नाही. त्याने पोलाद जाड होत नाही की धार टिकत नाही. पात्याच्या पाठीवर दगड ठोकून लाकूड फोडणारे वीर डोंगरात भेटतात. ते लॉकच्या चाकूची जीभ आणि खिळा दोन्ही ढिले करून ठेवतात. त्याहून वाईट म्हणजे मळलेला लॉक. सह्याद्रीतली लाल माती, खिशातले कापडाचे तंतू, चिकूचा चीक असलं काही आत साचलं की जीभ अर्धीच सरकते. स्प्रिंगचा चाकू मिटू शकतो हे ठाऊक असलेला माणूस जपून वागतो. अर्ध्या लागलेल्या लॉकवर माणूस निर्धास्त जोर टाकतो. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, नीट वाळवून सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब: एवढं पुरतं, पण ते करावं लागतं. त्याच पात्याने फळं कापत असाल तर सांध्यात खाण्याजोगतं पॅराफिन तेल घाला.

बरं, कंपनीवरूनही हा फरक ओळखता येत नाही. लेदरमन म्हणजे लॉक असं धरून चालणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की १९८३च्या पीएसटीत पात्याला लॉक नव्हता आणि पातं काढायला आधी दांडे उलगडावे लागत. बाहेरच्या बाहेर एका हाताने उघडणारी, लॉक होणारी पाती १९९८च्या वेव्हमध्ये आली आणि लोकांच्या डोक्यात तेवढंच राहिलं. उलट बाजूला, व्हिक्टोरिनॉक्सच्या १११ मिलिमीटरच्या मोठ्या चाकूंना लॉक असतो. खुद्द स्विस सैन्याने २००८पासून जो चाकू घेतला तो याच मापाचा, दातेरी पात्याचा, एका हाताने उघडणारा आणि लॉकचा. ९१ मिलिमीटरचे स्पार्टन आणि हंट्समन किंवा ५८ मिलिमीटरचा किल्लीच्या जुडग्यातला चिमुकला क्लासिक, हे सगळे नुसत्या स्प्रिंगवर. दुकानदाराला विचारू नका, तो "हो साहेब, लॉक आहे" म्हणून टक् वाजवून दाखवेल. पातं उघडा, त्याच्या वाटेत एकही बोट येणार नाही अशी मूठ धरा आणि पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हळूहळू दाबा. हललं तर स्प्रिंग. जराही हललं नाही, तर ते सोडवायचं बटण किंवा जीभ कुठे आहे ते शोधा, सापडेलच.

ज्यांची मुलं किंवा भाऊ-बहिणी परदेशात आहेत त्यांनी भेट म्हणून पाठवण्याआधी हा फरक जरूर पाहावा. ब्रिटनमध्ये १९८८च्या कायद्यानुसार तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू कारण न देता जवळ बाळगता येतो. मात्र लॉक होणारा चाकू या सवलतीत बसत नाही, असं तिथल्या न्यायालयांनी ठरवलंय. मग पातं दोन इंचांचं का असेना. जर्मनीतही एका हाताने उघडून लॉक होणारा चाकू सबळ कारणाशिवाय बाहेर नेता येत नाही. म्हणजे लंडनच्या रस्त्यावर तो "खेळणं" चाकू बिनधास्त चालतो आणि वेव्हला कारण सांगावं लागतं. आपल्याकडच्या शस्त्र नियमांत भर मापावर आहे, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं. खिशातला कुठलाच चाकू तिथवर जात नाही. पण सणासुदीला किंवा निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७खाली मनाई आदेश निघतात आणि त्या कलमात चाकूचा उल्लेख आहे. तेव्हा तो घरी ठेवावा. विमानात दोन्ही फक्त चेक-इन सामानात.

आता टिकाऊपणा. पोलादाच्या नावांवरून भांडणाऱ्यांची मला गंमत वाटते. व्हिक्टोरिनॉक्सचं पोलाद आणि लेदरमनचं नेहमीचं ४२०एचसी, दोन्ही मऊसर. धार लवकर जाते आणि घरच्या सहाणेवर लवकर परतही येते. गंज सहसा धरत नाही, हे कोकणात राहणाऱ्याला धारेपेक्षा महत्त्वाचं. कडक म्हणून नावाजलेल्या डी२ पोलादाचा चाकू रत्नागिरीच्या पावसाळ्यात खिशात ठेवून बघा, तांबूस डाग दिसायला लागतात. मोडतं ते पातं नसतंच. स्विस नाइफमध्ये कात्रीची इवलीशी स्प्रिंग तुटते, प्लॅस्टिकच्या मुठीला तडा जातो आणि टूथपिक हरवते. लेदरमनमध्ये पकडीच्या तारा तोडायच्या धारेला खाचा पडतात, कारण लोक तिने कडक पोलादी तार तोडतात. वेव्ह प्लसमध्ये ती धार बदलता येते. पक्कड खरोखर लागणार असेल तर हाच तिचा मोठा गुण.

आणि कृपा करून कामं मोजू नका. स्विसचॅम्प या जाडजूड स्विस नाइफच्या ३३ कामांत टूथपिक, चिमटा आणि किल्ली अडकवायची कडी हेही धरलेले आहेत.

माझी निवड सांगतो. खिशात व्हिक्टोरिनॉक्सचा पायोनियर: ९३ मिलिमीटर, ॲल्युमिनियमची खरबरीत मूठ, जाड पातं, रिव्हेट मारलेला, हरवण्यासारखं काही नाही आणि लॉकही नाही. पक्कड हवीच असेल तर ती गाडीत किंवा पिशवीत, लॉकवाली. फक्त पायोनियरची आरीसुद्धा स्प्रिंगवरच असते हे विसरू नका. पट्ट्याला नवं भोक पाडताना ती ठोसायची नाही, हलका दाब देत गोल फिरवायची, आणि बोटं तिच्या मिटायच्या बाजूला ठेवायची नाहीत.